विद्यापीठाच्या पशुधन प्रक्षेत्राचा कारभार: गोठा, प्रयोग आणि प्रात्यक्षिकं

प्रश्न थोडक्यात असा: विद्यापीठाच्या मालकीचं पशुधन प्रक्षेत्र नव्याने ताब्यात आलं आहे. ६० मोठ्या गाई, त्यांची वासरं-कालवडी आणि १०० शेळ्या आहेत. दूध विकून थोडंफार उत्पन्न दाखवायचं, पदवीच्या वर्गांची प्रात्यक्षिकं घ्यायची आणि संशोधनाला जनावरं पुरवायची. एकाच कळपात हे तिन्ही कसं बसवायचं आणि सुरुवात कुठून करायची?

सुरुवात मोजणीपासून करा. ६० गाई म्हटल्या की संशोधकाच्या डोळ्यांसमोर ६० गाई उभ्या राहतात. दोन वेतांतलं अंतर ४०० दिवस आणि भाकड काळ ६० दिवस धरा. म्हणजे कोणत्याही दिवशी साधारण ९ गाई आटलेल्या आणि ५१ दुधात. त्यातल्या ३ व्यायल्याला तीन आठवडेही झालेले नसतात, त्यांना हात लावायचा नाही. १३ गाई २५० दिवसांच्या पुढे गेलेल्या, दूध उतरणीला लागलेलं. उरल्या ३५. पहिल्या वेताच्या गाई अजून स्वतः वाढत असतात, त्यांचं दुधाचं गणित वेगळं, म्हणून त्या ११ वेगळ्या काढल्या की २४. जुना कासदाह, लंगडेपणा, एखादा सड बंद असलेल्या ५ वगळा, राहिल्या १९. शिकवण्यासाठी ५ राखल्या की प्रयोगाला १४. तुमच्या कळपाचे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण अशी उतरंड एकदा भिंतीवर लावली की ‘एवढ्या गाई असून आम्हाला मिळत नाहीत’ ही तक्रार निम्मी होते. ६० गाईंच्या प्रक्षेत्रावर एका वेळी दुभत्या गाईंचा एकच नीट प्रयोग चालतो. दुसरा घुसवला की दोन्ही बिघडतात.

दुसरी गोष्ट जनावर-दिवसांच्या वहीची. प्रत्येक जनावराच्या नावाने एक ओळ आणि वर्षाचे ५२ आठवडे. कोणत्या आठवड्यात ते कुणाकडे आहे: प्रयोग, शिकवणं, विश्रांती की नुसतं उत्पादन. एका आठवड्यात एका जनावराला एकच काम. नियम साधा असला तरी सगळ्यात जास्त मोडला जातो, कारण प्रयोगातली गाय शांत, सवयीची आणि दारापाशी बांधलेली असते आणि प्रात्यक्षिकाला तीच सोयीची वाटते. मग नमुने घेण्याच्या आठवड्यात वीस अनोळखी मुलं तिच्याभोवती गोळा होतात, ती बिथरते, पान्हा चोरते, आणि त्या दिवशी घटलेलं दूध प्रबंधात खाद्याच्या नावावर जमा होतं. वहीत नोंद करण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे ठेवा. ती प्रक्षेत्र व्यवस्थापक असावी, विभागप्रमुख नको. विभागप्रमुखाचा स्वतःचा विद्यार्थी रांगेत असतो. प्रयोगासाठी मागणी किमान सहा महिने आधी, प्रात्यक्षिकांचं वेळापत्रक सत्र सुरू होण्यापूर्वी. तोंडी विनंती धरायची नाही.

वहीबरोबर दर ठरवावा लागतो. प्रति जनावर प्रति दिवस आकारणीत चारा, खुराक, मजुरी, अंथरूण, औषधं, वीज-पाणी आणि उपकरणांची झीज एवढं धरावं, आणि प्रयोगामुळे फेकून द्यावं लागणारं दूध वेगळं लावावं. दर शून्य असेल तर संशोधक प्रयोग संपल्यावरही जनावरं सोडत नाही. दर अवाच्या सवा असेल तर तो खासगी गोठा गाठतो आणि तुमचा कळप रिकामा राहतो. उत्पादनाचं उद्दिष्टही याच हिशेबाने कमी करून घ्या. प्रयोगाला दिलेल्या गाईचं दूध ‘कमी उत्पादन’ म्हणून प्रक्षेत्राच्या माथी मारलं जात असेल, तर व्यवस्थापक चांगल्या गाई लपवायला लागतो. त्यात त्याची चूक नसते, त्याला दिलेला हिशेबच तसा असतो.

आता प्रयोगाकडे. बहुतेक प्रयोग आकडेमोडीच्या वेळी फसल्यासारखे वाटतात, पण ते फसलेले असतात बांधणीत. दोन कप्पे, प्रत्येकात १० कालवडी, एका कप्प्याला नवं खाद्य आणि दुसऱ्याला जुनं: संशोधक म्हणतो दर गटाला १० जनावरं. प्रत्यक्षात दर गटाला पुनरावृत्ती आहे एक. खाद्य कप्प्याला दिलं, म्हणून प्रयोगाचं एकक कप्पा. त्या कप्प्यावर दुपारी ऊन येतं की पाण्याचं टाकं गळतं, हा फरक खाद्याच्या फरकापासून कुणालाच वेगळा काढता येणार नाही. त्याच २० कालवडींचे पाच-पाचचे चार कप्पे केले तरी एकक दर गटाला दोनच. एकेका जनावराला एकक धरायचं असेल तर खाणं एकेकट्याचं मोजता आलं पाहिजे. त्यासाठी बांधीव गव्हाण हवी, नाहीतर गळ्यातल्या किल्लीने उघडणारं गव्हाणीचं दार. अशी दारं शिकायला जनावराला १० ते १४ दिवस लागतात आणि काही जनावरं कधीच शिकत नाहीत. १२ हवी असतील तर १४ शिकवायला घ्या.

किती जनावरं लागतील याचा ठोकताळा: दर गटाला साधारण १६ गुणिले (जनावरा-जनावरांतली तफावत, म्हणजे प्रमाण विचलन, भागिले दाखवायचा फरक) याचा वर्ग. यात पाच टक्क्यांची सांख्यिकी पातळी आणि खरा फरक असलाच तर तो पकडण्याची ८० टक्के शक्यता धरली आहे. दुधातली तफावत २० टक्के आणि दाखवायचा फरक १० टक्के असेल तर दर गटाला ६४ गाई. एवढ्या तुमच्याकडे नाहीत. प्रयोगापूर्वी दोन आठवडे दूध मोजून त्यावरून जोड्या लावल्या आणि तीच मोजणी विश्लेषणात वापरली, तर उरलेली तफावत समजा १० टक्क्यांवर आली. मग दर गटाला १६. म्हणूनच लहान कळपात प्रत्येक गाईला आळीपाळीने सगळी खाद्यं देणारी लॅटिन स्क्वेअरची मांडणी चालते. चार खाद्यं, चार कालखंड, प्रत्येक २१ दिवसांचा: पहिले १४ दिवस रुळण्याचे, शेवटचे ७ मोजणीचे. एकूण ८४ दिवस, आणि ८ गाईंत दोन चौकोन बसतात. खाद्यांचा क्रम असा लावा की प्रत्येक खाद्य दुसऱ्या प्रत्येकाच्या मागे सारख्याच वेळा येईल, म्हणजे आधीच्या खाद्याचा उरलेला परिणाम एकाच्याच पदरात पडत नाही. मात्र वजनवाढ, प्रजनन, शरीरातली चरबी अशा सावकाश बदलणाऱ्या गोष्टींना ही मांडणी लागू नाही. २१ दिवसांत कालवडीच्या वाढीबद्दल काहीही ठामपणे सांगता येत नाही.

गट पाडताना चिठ्ठ्या टाका. ‘सारख्या दिसणाऱ्या’ गाई डोळ्यांनी वाटल्या तर धडधाकट गाय नव्या खाद्याच्या गटात जातेच. मुद्दाम कुणी करत नाही, हात तसा वळतो.

एकाच सुमारास व्यायलेल्या गाई हव्या असतील तर तयारी फार आधी सुरू होते. गर्भकाळ साधारण २८० दिवस. व्यायल्यानंतर ५५ दिवसांनी प्रयोग सुरू करायचा आणि माज जुळवायला १० दिवस, म्हणजे सुमारे ३४५ दिवस. आजचा प्रयोग साडेअकरा महिन्यांपूर्वी ठरलेला असायला हवा. जुळवणीची नेहमीची पद्धत ओव्हसिंकची: पहिल्या दिवशी जीएनआरएच (बीजांड सुटायला लावणारं संप्रेरक), सात दिवसांनी प्रोस्टाग्लँडिन (माज आणणारं संप्रेरक), त्यानंतर ५६ तासांनी पुन्हा जीएनआरएच आणि पुढे १६ तासांनी कृत्रिम रेतन. गाभण राहण्याचं प्रमाण ४० टक्के धरलं तर १२ गाई मिळवायला एका दिवशी ३० भरवाव्या लागतील, आणि ६० च्या कळपात एका दिवशी ३० मोकळ्या, निरोगी गाई नसतात. मग २० घ्या. पहिल्या खेपेला ८ राहतील, न राहिलेल्या, पुन्हा माजावर आलेल्या १२ गाईंतून तीन आठवड्यांनी आणखी ४-५. तीन आठवड्यांचा हा फरक मान्य करा आणि गट पाडताना व्यायल्याच्या तारखेप्रमाणे जोड्या लावा. प्रोस्टाग्लँडिन त्वचेतून शोषलं जातं. गरोदर स्त्रिया आणि दम्याचे रुग्ण यांनी ते हाताळू नये, बाकीच्यांनीही हातमोजे घालूनच. विद्यार्थ्यांच्या हाती सिरिंज देण्याआधी हे सांगायचं राहून जातं.

खाद्य ही प्रयोग बिघडण्याची सर्वांत सामान्य जागा. खुराक एकाच खेपेत, एकाच मिश्रणातून तयार करून घ्या. मोठ्या कळपातलं उदाहरण धरा: २४ गाई, रोज ६ किलो, ८४ दिवस, म्हणजे १२,०९६ किलो. सांडलवंड आणि उंदीर धरून १३ टनांपेक्षा थोडं जास्त. ‘लागेल तसं मागवू’ म्हटलं की दुसऱ्या महिन्यात पेंडेचा लॉट बदलतो आणि प्रथिनं दोन टक्क्यांनी खाली येतात. खाद्यात १२ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा असेल तर एवढा साठा बुरशीच्या वाटेवर असतो. त्यातून अफलाटॉक्सिन हे बुरशीचं विष दुधात उतरलं की प्रश्न प्रयोगाच्या पलीकडे जातो. पोती लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर लांब ठेवा. प्रत्येक दहाव्या पोत्यातून नमुना काढून मिसळा, आणि अर्धा किलो सीलबंद करून प्रयोग प्रसिद्ध होईपर्यंत गोठवून ठेवा. तपासनीस दोन वर्षांनी शंका काढतो तेव्हा तेच उपयोगी पडतं.

मूरघास, म्हणजे हवाबंद मुरवलेला हिरवा चारा, याहून हट्टी. २४ गाई, रोज २० किलो, ८४ दिवस, म्हणजे ४० टन. १५ टक्के नासाडी धरून ४७ टन भरायला हवा, आणि घनता ६५० किलो प्रति घनमीटर असेल तर त्याला ७३ घनमीटर जागा. पूर्ण प्रयोग एकाच खड्ड्यातून चालेल असा खड्डा निवडा. मोजणीच्या आठवड्यात नवा खड्डा उघडू नका. रोज समोरच्या तोंडावरून किमान १५ सेंटिमीटर सरळ कापून काढा, नाहीतर तोंड तापतं. मूरघासातला कोरडा अंश आठवड्यातून दोनदा मोजा, पावसानंतर लगेच. कोरडा अंश ३२ वरून २७ टक्क्यांवर आला तर २० किलोतून गाईच्या पोटात ६.४ ऐवजी ५.४ किलो कोरडा चारा जातो. रोजचा एक किलो कमी, आणि वजनकाट्यावर मात्र सगळं बरोबर दिसतं. विश्लेषणाला जाणारे नमुने ६० अंश सेल्सिअसला ४८ तास वाळवावेत. १०५ अंशांवर मूरघासातली उडून जाणारी आम्लं निघून जातात आणि कोरडा अंश खोटा कमी दिसतो.

गव्हाणीत इतकं टाका की दुसऱ्या दिवशी ५ ते १० टक्के उरेल. काहीच उरलं नाही तर गाय किती खाऊ शकली असती ते कळत नाही. वीस टक्के उरलं तर ती निवडून खाते आहे आणि ताटातलं व पोटातलं यांचा मेळ बसत नाही. उष्ट्याचंही वजन करून त्याचा नमुना घ्या, कारण गाय पानं खाते, दांडे सोडते.

वजनाबद्दल थोडं विस्ताराने सांगावं लागेल, कारण इथे भले भले घसरतात. रवंथ करणाऱ्या जनावराच्या वजनातला १० ते २० टक्के भाग पोटातल्या चाऱ्या-पाण्याचा असतो. रोज ६०० ग्रॅम वाढणारी कालवड १४ दिवसांत ८.४ किलो वाढते, आणि एक दिवस ती वजनाआधी भरपूर पाणी प्यायली तर तेवढा फरक एका तासात पडतो. म्हणून सुरुवातीचं आणि शेवटचं वजन सलग दोन-तीन दिवस, त्याच वेळी, सकाळच्या चाऱ्याआधी घ्या आणि सरासरी धरा. काटा रोज सुरू करण्यापूर्वी आणि संपल्यावर माहीत असलेल्या वजनांनी तपासा. २० किलोची चार वजनं पुरेत. प्लॅटफॉर्मखाली शेणाचा गोळा किंवा खडा अडकला की काटा ठाम आणि चुकीचं सांगतो. जनावर हलत असताना तिसऱ्यांदा ‘बरा दिसतो तो आकडा’ लिहायची सवय मोडा.

दुधाचा नमुना सकाळ-संध्याकाळच्या दुधाच्या प्रमाणात मिसळायचा. सकाळी ९ आणि संध्याकाळी ६ लिटर असेल तर ६०:४०. दोन धारांतलं अंतर सारखं नसेल तर कमी अंतरानंतरच्या दुधात चरबी जास्त असते, म्हणून नुसता संध्याकाळचा नमुना घेणाऱ्याला चरबी फुगलेली दिसते. धार पूर्ण झाल्यावर, सगळं दूध ढवळून नमुना काढायचा. पहिल्या धारांतला नमुना पातळ असतो, शेवटच्यातला दाट.

हे सगळं करणारी माणसं म्हणजे गोठ्यावरचे मजूर, आणि त्यांना प्रयोग समजला नाही तर वरचं काहीही टिकत नाही. अशक्त दिसणाऱ्या गाईला मूठभर खुराक जास्त टाकणं हा जनावर सांभाळणाऱ्याचा चांगुलपणाच आहे, पण त्याने नियंत्रण गट (तुलनेसाठी जुन्या खाद्यावर ठेवलेला) संपतो. यावर रागावून काही होत नाही. तक्त्यात ‘जास्त दिलं असल्यास किती’ असा रकाना ठेवा आणि तो भरल्याबद्दल कुणाला बोलू नका. पोत्यांवर खाद्याचं नाव न लिहिता रंगाचे पट्टे लावा, आणि एकाच खाद्याला दोन रंग द्या, म्हणजे कोणतं ‘नवं’ हे ओळखता येत नाही. सूचना एका पानात, त्यांच्या बोलीत, चित्रांसह आणि गव्हाणीपाशी टांगलेली. सुट्टीच्या दिवशीची आणि रात्रीची जबाबदारी नावानिशी लिहिलेली हवी. आकडे रविवारी बिघडतात. आणि मोजणीच्या आठवड्यात धार काढणारा बदलू नका.

शिकवण्याच्या जनावरांवर सर्वांत कमी विचार होतो. प्रत्येक प्राण्यामागे किती विद्यार्थी, किती वेळा, हे वहीत नसेल तर दोनच शांत गाई वर्षभर राबतात आणि शेवटी खोडा पाहिला तरी बिचकतात. गर्भतपासणीसाठी गुदद्वारातून हात घालण्याच्या प्रात्यक्षिकात एका सत्रात एका गाईवर चार, फार तर पाच विद्यार्थी. मग किमान आठवड्याची विश्रांती. हातमोज्यावर रक्त दिसलं की ती गाय त्या दिवसापुरती बाद. ३५ ते ६० दिवसांच्या गाभण गाई नवशिक्यांना देऊ नका. तिथे अनुभवी हात लागतो आणि नवख्या हाताने गर्भ जाण्याचा धोका असतो. पहिले काही तास कत्तलखान्यातून आणलेल्या गर्भाशयांवर आणि कृत्रिम गाईवर घालवले की जिवंत गाईवरचा वेळ निम्मा होतो. ब्रिटनमध्ये सारा बेली यांनी विकसित केलेली ‘हॅप्टिक काऊ’ ही संगणकाला जोडलेली गाय याच कामासाठी आहे. ती नसली तरी लाकडी चौकट, रबरी पिशव्या आणि मातीचे गोळे यांतून बरंच साधतं. रक्त काढण्याच्या सरावात ३० किलोच्या शेळीच्या शरीरात सुमारे दोन लिटर रक्त असतं एवढं लक्षात ठेवा. दहा मुलांनी प्रत्येकी दहा-दहा मिलिलिटर काढलं तर एका तासात २० वा भाग गेला.

एक बारीक पण महागात पडणारी गोष्ट: क्षयाची कातडीतली चाचणी प्रात्यक्षिक म्हणून केलेल्या जनावरावर खरी चाचणी किमान ४२ दिवस विश्वासार्ह राहत नाही. प्रतिसाद तात्पुरता मंदावतो आणि बाधित जनावर निर्दोष ठरू शकतं. अशा चाचणीची तारीख जनावराच्या पत्रकावर लाल शाईने लिहा.

प्रक्षेत्रावर जितकी माणसं येतात तितकी कोणत्याही खासगी गोठ्यावर येत नाहीत, म्हणून रोगांची वाटही इथे रुंद असते. गेल्या ४८ तासांत दुसऱ्या कळपात गेलेल्याला आत घ्यायचं नाही. बूट प्रक्षेत्राचेच. गट आठ-दहाचा, आणि फिरण्याचा क्रम वासरांपासून मोठ्यांकडे, निरोग्यांपासून आजाऱ्यांकडे. दारातल्या जंतुनाशकाच्या टाकीत शेणाने माखलेले बूट बुडवणं हा केवळ विधी आहे; शेणात जंतुनाशक निकामी होतं. आधी ब्रश आणि पाणी, मग जंतुनाशक, आणि बाटलीवर दिलेला वेळ. नवीन जनावर किमान ३० दिवस वेगळ्या गोठ्यात, वेगळ्या बादल्या आणि शक्य तर वेगळा माणूस. ब्रुसेलोसिस (गर्भपात घडवणारा संसर्ग), क्षय आणि जोन्स रोग (आतड्याचा जुनाट रोग) यांच्या चाचण्या येताना, आणि ब्रुसेलोसिसची बाहेर पडतानाही.

माणसांचं आरोग्य याच्याच जोडीला. हगवण लागलेल्या वासरांना हाताळणाऱ्या विद्यार्थ्यांत क्रिप्टोस्पोरिडियम या आतड्यातल्या परजीवीची साथ पसरणं ही पशुवैद्यक महाविद्यालयांची जुनी ओळखीची गोष्ट आहे. अल्कोहोलचं जेल त्यावर चालत नाही, साबण आणि वाहतं पाणीच हवं. गोठ्याच्या दाराशी नळ नसेल तर वासरांचं प्रात्यक्षिक घेऊ नका. गरोदर विद्यार्थिनी आणि कर्मचारी यांना शेळ्या-मेंढ्यांच्या विण्याच्या हंगामात तिथून दूर ठेवा; क्यू ताप, टॉक्सोप्लाझ्मा आणि गर्भपात घडवणारा क्लॅमिडिया हे संसर्ग वार आणि गर्भजलातून येतात. हे सर्वांसमोर जाहीरपणे सांगा, म्हणजे कुणाला खासगी गोष्ट उघड करावी लागत नाही.

नैतिक समितीची परवानगी हा कागद असतोच. कामाची गोष्ट म्हणजे प्रयोग सुरू होण्यापूर्वी लिहून ठेवलेले थांबण्याचे निकष. २४ तास खाणं बंद, वजनात १५ टक्के घट, उठता न येणं: यांपैकी काहीही दिसलं की जनावर प्रयोगातून बाहेर, उपचार सुरू. हा निर्णय पशुवैद्याचा, संशोधकाचा नाही, आणि त्यावर अपील नाही. रसेल आणि बर्च या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये प्राण्यांना पर्याय, संख्या कमी करणं आणि यातना कमी करणं ही तीन सूत्रं मांडली, त्यातलं मधलं सूत्र लोक उलटं वाचतात. अपुऱ्या जनावरांवर केलेला प्रयोग ही काटकसर नव्हे. काहीच निष्पन्न न झालेल्या प्रयोगातली सगळी जनावरं फुकट गेलेली असतात.

प्रतिजैविक दिलेल्या गाईच्या पायाला लाल पट्टा, धार सगळ्यांत शेवटी, दूध वेगळ्या बादलीत. ज्या खाद्यपूरकाला मान्यता नाही ते खाणाऱ्या गाईचं दूध विक्रीच्या टाकीत जाता कामा नये, मग ते कितीही ‘नैसर्गिक’ असो.

प्रजननाच्या बाबतीत लहान बंद कळपाचा शत्रू सख्ख्यांचा संकर. १०० शेळ्यांमागे ३ बोकड ठेवले तर परिणामकारक संख्या (पैदाशीच्या दृष्टीने कळप जणू किती जनावरांचा आहे ती) चार गुणिले ३ गुणिले १००, भागिले १०३, म्हणजे १२ च्याही खाली, आणि पिढीमागे सख्खेपणा चार टक्क्यांहून जास्त वाढतो. ५० ही संख्या किमान मानली जाते. त्यासाठी १५ बोकड लागतात. एवढे पोसणं परवडत नसेल तर बाहेरचं वीर्य आणा किंवा दर वर्षी बोकड बदला. बाद करण्याचं तर विचारूच नका: वर्षाला २० ते २५ टक्के गाई बदलल्या पाहिजेत, म्हणजे १२ ते १५ कालवडी वर येतात आणि तेवढ्याच गाई बाहेर जातात. विद्यापीठात निर्लेखनाला (दफ्तरातून नाव कमी करायला) समिती लागते आणि समितीला मुहूर्त, म्हणून तीन-तीन वर्षं न गाभणारी गाय गव्हाणीपाशी उभी असते. वर्षातून दोन तारखा कायमच्या ठरवून टाका.

वासरांत एकच आकडा सांभाळला तरी बाकीचं सावरतं: चीक. ३५ किलोच्या वासराला साडेतीन लिटर, पहिल्या दोन-चार तासांत, ब्रिक्सवर (चिकाचा दाटपणा दाखवणाऱ्या मापकावर) २२ किंवा जास्त असलेला. दुसऱ्या दिवशी रक्तातली एकूण प्रथिनं मोजा. ६.२ ग्रॅम प्रति १०० मिलिलिटर उत्तम, ५.१ च्या खाली असेल तर ते वासरू कोणत्याही प्रयोगात घेऊ नका.

आणि नोंदी. प्रक्षेत्राची खरी दौलत तीच. १९०७ ते १९११ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात चार-चार कालवडींचे चार गट मका, गहू, ओट आणि तिन्हींचं मिश्रण यांवर ठेवले होते. रासायनिक पृथक्करणात चारही रतीब (रोजचा ठरलेला आहार) सारखे, पण मक्यावरच्या गाई निरोगी राहिल्या आणि गव्हावरच्यांची वासरं दुबळी वा मेलेली जन्मली. पुढच्या जीवनसत्त्व संशोधनाला त्यातून दिशा मिळाली. गट चारच गाईंचा होता. निष्कर्षाला वजन आलं ते चार वर्षं न मोडलेल्या रतिबाने आणि प्रत्येक वासराच्या नोंदीने. एडिनबर्ग विद्यापीठाच्या लँगहिल कळपातही १९७० च्या दशकापासून जास्त चरबी-प्रथिनांच्या दुधासाठी निवडलेली आणि सरासरी गुणाचीच ठेवलेली अशा दोन वंशरेषा शेजारी शेजारी चालवल्या गेल्या. सरासरीची नसती तर प्रगती वंशाची की चाऱ्याची हे सांगता आलं नसतं. असं काम अनुदानाच्या तीन वर्षांत बसत नाही, म्हणून ते प्रक्षेत्राने स्वतःच्या नावावर चालवावं लागतं.

प्रत्येक जनावराला दोन ओळखी द्या: कानातला बिल्ला आणि आयएसओ ११७८४ व ११७८५ मानकांप्रमाणे १३४.२ किलोहर्ट्झवर वाचली जाणारी चिप. बिल्ला पडतोच. मेलेल्या जनावराचा क्रमांक पुन्हा वापरू नका, नाहीतर दहा वर्षांनी दोन गाई एक होतात. गोठ्यातली नोंद आधी कागदावर, शाईने. चूक झाली तर एक रेघ मारून बाजूला बरोबर आकडा आणि सही. संध्याकाळी संगणकात, आठवड्याला प्रत दुसऱ्या इमारतीत. मूळ कागद प्रक्षेत्राच्या कपाटात, संशोधकाला प्रत. उलटं झालं की पदवी घेऊन विद्यार्थी जातो आणि त्याच्या लॅपटॉपबरोबर तीन वर्षांच्या गाई जातात.

पहिल्या तीन महिन्यांत नवा प्रयोग घेऊ नका. पहिल्या महिन्यात सगळी जनावरं खोड्यातून काढून बिल्ला, वजन, शारीरिक गुणांक (जनावर किती भरलेलं वा हडकुळं याचा गुण), गाभणपण आणि चारही सडांची कासदाह चाचणी करा. दुसऱ्यात जनावर-दिवसांची वही, दर आणि बाद करायची यादी मंजूर करून घ्या. तिसऱ्यात सगळ्या कळपाला एकच रतीब देऊन रोजचं दूध मोजा. त्यातून तुमच्या गाईंतली तफावत खरी किती ते कळेल, आणि पहिला संशोधक दारात आला की त्याला १४ गाई पुरतील की नाही हे त्याच आकड्यावरून सांगता येईल.